पुतळ्याबरोबर किल्लीही गेली

मला काय वाटलं होतं सांगू? हसू नका, आधी ऐकून तर घ्या... मला वाटलं होतं, विद्यापीठात काही वाईट घडलं की विद्यापीठाला झोप लागत नाही! खरंच वाटलं होतं. तिकडं स्कॉटलंडला शिकत होते ना, तिथं एकदा पोरांनी एका पुतळ्यावरून आवाज केला, तर तिथले कुलगुरू स्वतः पायऱ्या उतरून खाली आले, भर पावसात, डोक्यावर छत्री नाही, टोपी नाही, आणि म्हणाले, आमचं चुकलं. बास! मग चौकशी झाली, अहवाल आला, पाटी बदलली, आणि मी, बेंबळीची पोर, पाचवीनंतर घराबाहेर पडलेली, तिथं भिजत उभी राहून स्वतःशी म्हणतेय की हे, अगदी हे असंच, मी माझ्या जिल्ह्यात नेणार! डोळ्यांत पाणीबिणी. पावसामुळं कुणाला कळलं नाही.

आणि इथं येऊन काय सापडलं? तुम्हाला सांगते... चहा.

धाराशिवहून तुळजापूरकडं निघालात की मधे एक माळ लागतो. त्या माळावर आमचं विद्यापीठ. खासगी आहे. नाव सांगत नाही, माझी नेमणूक कंत्राटी आहे. मी तिथं समाजशास्त्र शिकवते. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलंय. पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरते तर समोर पुतळा! संस्थापक, कैलासवासी बिभीषणदादा. फेटा, उपरणं, डावा हात छातीवर आणि उजवा हात असा पुढं, एक बोट ताठ, बरोब्बर मुलींच्या वसतिगृहाकडं रोखलेलं. वर सिमेंटची छत्री. आणि खाली चौथऱ्यावर, काळ्या ग्रॅनाइटवर, सोनेरी अक्षरांत, दादांचा विचार... 'मुलींना विद्या द्यावी. मोकळीक देऊ नये.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणलं, ही चुकून राहिलेली पाटी असेल, कुणाच्या लक्षात आलं नसेल. लक्षात आलं नसेल कसं? रोज सकाळी एक माणूस ती अक्षरं फडक्यानं पुसतो! आणि सगळ्या माळावर सावली म्हणून तेवढीच, त्या छत्रीची, त्यामुळं मुली डबा खायला तिथंच बसतात. म्हणजे बघा, वर बोट, खाली वाक्य, मधे मुली, आणि मुलींच्या हातात शेंगाचटणी.

मी गेले कुलगुरूंकडं. आमचे कुलगुरू म्हणजे अतिशय सभ्य माणूस, मी काही वाईट बोलणार नाही. आवाज कसा, साजूक. कधी कुणावर ओरडलेलं कुणी ऐकलं नाही, कधी कुणाला 'नाही' म्हणालेलंही ऐकलं नाही, आणि कधी 'हो' म्हणाले असं म्हणणाराही मला अजून भेटलेला नाही. मी म्हणलं, "सर, ते वाक्य काढायला हवं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, माझ्याकडं खूप वेळ मायेनं बघितलं आणि म्हणाले, "विषय गंभीर आहे." मला इतकं बरं वाटलं! म्हणलं, कळलं यांना! मग त्यांनी घंटी वाजवली आणि म्हणाले, "चहा सांगा."

चहा आला. चहा घेतला. मी बाहेर आले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की बोलणं संपलेलं आहे.

असं किती वेळा झालं म्हणता? जितक्या वेळा गेले तितक्या वेळा! मुलींच्या सह्या घेऊन गेले. पहिली सही कुणाची, तर शिवांजलीची. ही शिवांजली म्हणजे भूम तालुक्यातल्या ईटची पोर, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, अंगानं एवढीशी आणि जीभ एवढी मोठी. सह्या दिल्या, तर सर म्हणाले, "अरे वा, विषय गंभीर आहे," आणि चहा सांगितला. त्या चहात आलं असायचं हो, चांगलं ठेचून घातलेलं. वाईट चहा असता तर मी कधीच चिडले असते!

बरं, हे झालं पुतळ्याचं. आता कुलपाचं ऐका.

मुलींच्या वसतिगृहाचे अधीक्षक आहेत बब्रुवान सर. पुरुष. मुलींच्या वसतिगृहाला! कारण महिला अधीक्षकाचं पद मंजूर नाही. मग बब्रुवान सर करतात काय, तर रस्त्याच्या पलीकडं राहतात, आणि दिवेलागणीला इकडं येऊन मुलींना आत मोजून घेतात आणि जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावतात आणि किल्ली खिशात घालून घरी जेवायला जातात. मी विचारलं, "सर, बाहेरून?" तर पुतळ्याकडं हात करून म्हणाले, "म्याडम, म्या न्हाय, दादा म्हणत्यात." जसं काही दादा रोज रात्री फोन करतात!

आणि मग जे व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी बब्रुवान सर कुलूप लावून गेले मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला. इकडं जिन्याखालच्या मीटरमधून ठिणग्या उडायला लागल्या, वायरी पेटल्या, धूर झाला... असा धूर की जिना दिसेना. मुली खाली दाराशी येऊन ओरडतायत, फोन लावतायत, आणि तिकडं बब्रुवान सरांच्या कानाशी हलगी वाजतेय. फोन वाजतोय खिशात, किल्लीशेजारी!

मुलींनी काय केलं, ओढण्या पाण्यात बुडवल्या, नाकाला बांधल्या. आणि शिवांजलीनं मेसमधला लोखंडी बत्ता आणला, जाळीतून हात बाहेर काढला आणि हाणला कुलपावर. हाणला, हाणला, बोटं सोलली, मनगट सुजलं, तरी हाणला, आणि कुलूप तुटलं. सगळ्या बाहेर! कुणाच्या केसालाही धक्का नाही. आणि बाहेर आल्यावर कुठं जाणार? उजेड एकाच ठिकाणी होता. दादांच्या छत्रीखाली. दादांना रात्रभर दिवा असतो, जिन्यात नसतो. तिथं त्या बसल्या, खोकत, रडत, एकमेकींना मोजत... आणि नाकाच्या ओल्या, काळ्या झालेल्या ओढण्या सोडून वाळत घातल्या. कुठं? दादांच्या बोटाला!

झालं. कुणीतरी फोटो काढला. सकाळपर्यंत तो फोटो पार परांड्यापासून उमरग्यापर्यंत.

आता मला सांगा, तुम्ही विद्यापीठ असता तर पहिला प्रश्न काय विचारला असता? मुली कशा आहेत? आग कशी लागली? कुलूप बाहेरून का होतं? नाही! आमच्या विद्यापीठानं विचारलं, ओढण्या कुणाच्या?

तातडीची बैठक बसली. कुलगुरू मधे. उजवीकडं संस्थेचे अध्यक्ष रणधीरभैय्या, म्हणजे पुतळ्याचे सख्खे नातू. डावीकडं कुलसचिव सिद्रामप्पा. कोपऱ्यात बब्रुवान सर, साखरपुड्याचं कुंकू अजून कपाळावर. मी महिला प्रतिनिधी. समोर आरोपी म्हणून शिवांजली, हाताला पट्टी बांधलेली, आणि ईटहून बोलावून घेतलेले तिचे वडील उत्तरेश्वर काका. पांढरी टोपी, मोठी जमीन, कमी बोलणं. आरोप दोन. एक, विद्यापीठाचं कुलूप तोडलं. दोन, संस्थापकांची विटंबना केली. शिक्षा एकच. वसतिगृहातून नाव कमी!

म्हणजे काय, हे तुम्हाला कळलं ना? ईटहून रोज येणं-जाणं होत नाही. आणि काकांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं, "भाड्याच्या खोलीवर पोर ठेवणार न्हाय म्या. हाष्टेल न्हाय तर कालेज न्हाय." वसतिगृह गेलं की शिक्षण गेलं, इतकं सरळ. पोर खाली मान घालून पट्टीचा दोरा उसवत बसलेली.

रणधीरभैय्या सुरू झाले. "ओढण्या! आमच्या आज्जाच्या बोटाला ओढण्या! आज्जानं हयातीत परक्या बाईकडं मान वर करून बघितलं न्हाय, आन् तुमी त्याला..." इथं त्यांनी रुमाल काढला. कुलगुरू म्हणाले, "विषय गंभीर आहे. चहा सांगा."

तेवढ्यात शिवांजलीला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, "सर, आमी त्यांना हातबी लावला न्हाय. त्यांनीच हात पुढं केलता. आमी ठिवल्या."

बब्रुवान सर फिस्सकन हसले. मग त्यांनी ते हसणं खोकल्यात बुडवलं.

मी उठले. मी बोलले! अहो, काय बोलले मी... हक्क म्हणाले, सन्मान म्हणाले, संस्थेची नैतिक जबाबदारी म्हणाले, तिकडचे कुलगुरू पावसात कसे उभे राहिले तेही सांगितलं. सिद्रामप्पांनी खिडकीबाहेर बघितलं, आभाळ कोरडं ठणठणीत. शेवटी मी टेबलावर हात आपटून म्हणलं, "सर, मुली जळून गेल्या असत्या!"

कुलगुरू शांतपणे म्हणाले, "पण गेल्या नाहीत. ही आपली जमेची बाजू आहे."

आणि चहा आला!

मी म्हणलं, "निदान ते वाक्य तरी काढा." आणि आधाराला म्हणून काकांकडं वळले. म्हणलं, "काका, तुम्ही सांगा, फाटकात ते वाक्य वाचलंत ना? काय वाटलं तुम्हाला?" काकांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "वाक्य झकास हाय. आमच्या दारावर लावायसारखं हाय."

मी बसले.

मग बोलले सिद्रामप्पा. कुलसचिव आमचे अणदूरचे, भांडण मिटवण्यात हातखंडा. एखादा कागद त्यांच्या टेबलावर आला की तो भिजत घातलेल्या डाळीसारखा मऊ होऊनच बाहेर पडतो. ते म्हणाले, "सर, अक्का, भैय्या... जरा माझं ऐका. आमच्या अणदूरला खंडोबा एक, देवळं दोन. एक आमच्यात, एक नळदुर्गात. देव वर्षातले जास्ती महिने आमच्यात ऱ्हातो, थोडे नळदुर्गात ऱ्हातो. दोनी गावचे मानकरी बसत्यात, करार वाचत्यात, आन् देव वाजतगाजत जातोय. कैक पिढ्या झाल्या. भांडान न्हाय, तंटा न्हाय. मग दादांचंबी तसंच करू की! वरच्या माळावर धा महिने, खालच्या मळ्यात दोन महिने!"

खालचा मळा म्हणजे आमचंच शेतकी महाविद्यालय, इथून थोडं खाली, ओढ्याच्या पलीकडं.

आता अणदूरच्या देवाचं ते सगळं खरं आहे हो. मी स्वतः लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून ती पालखी बघितलीय, भंडाऱ्यानं पिवळी होऊन घरी आलेय. सुंदर आहे ते! पण तिथं दोन्ही गावांना देव हवा असतो! इथं एक तरी मुलगी पुतळा मागत होती का? मी हे म्हणले. मोठ्यानं म्हणले. पण तोवर खोलीत असा आनंद पसरला होता, जसं काही साखर कारखान्याकडं थकलेलं उसाचं बिल जमा झालं. रणधीरभैय्यांचा चेहरा खुलला. म्हणजे आज्जाची मिरवणूक! दरवर्षी! दोनदा! जाताना आणि येताना! कुलगुरू म्हणाले, "पुतळा हलवा म्हणणाऱ्यांचाही मान राहिला, ठेवा म्हणणाऱ्यांचाही राहिला." हलवा म्हणलं होतं कुणी? बब्रुवान सर घाबरत म्हणाले, "आन् माझं, सर?" सिद्रामप्पा म्हणाले, "तुमीबी जा की दादांच्या संगट. दोन महिने खाली. शिक्षाबी झाली, सेवाबी झाली." बब्रुवान सरांनी हात जोडले.

"आणि शिवांजली?" मी विचारलं.

"तिचं नाव ऱ्हाऊ द्या सध्या," भैय्या म्हणाले. आता ते उदार झाले होते. "पोर हाय. चुकली."

चुकली! पण मी गप्प बसले. म्हणलं, नाव राहिलं ना? झालं तर. सगळे उठायला लागले, खुर्च्या सरकल्या, आणि काका बसूनच राहिले. म्हणाले, "साहेब, पुतळा तुमी कुठंबी फिरवा. आमचं काय म्हणनं न्हाय. फकस्त येक सांगा. उद्यापासनं माझी पोर आत आसताना किल्ली कुणापशी?"

सगळे पुन्हा बसले.

बब्रुवान सर तर खाली चालले. दुसरा अधीक्षक? पद मंजूर नाही. महिला अधीक्षक? ते पद तर मुळातच नाही. रखवालदाराकडं? काका म्हणाले, "न्हाय." मी म्हणलं, "काका, कुलूपच नको ना! कशाला हवं कुलूप? मोठ्या मुली आहेत!" तर काका माझ्याकडं असे वळले... "म्याडम, कुलूप पायजेच. कुलूप न्हाय मंजी काय? पर बाहीरनं नगं. जी बाई किल्ली धरंल ती आत पायजे. आग लागली तर तिलाबी लागाया पायजे."

तुम्हाला सांगते, एवढ्या वर्षांत कुणाही कुलगुरूला इतकी नेमकी अट कुणी घातली नसेल. आमचे कुलगुरू विचारात पडले. चष्मा काढला. पुसला. घातला. आणि म्हणाले... हो, तेच म्हणाले. "विषय गंभीर आहे. सकाळपर्यंत बघू."

काका म्हणाले, "बघा. सकाळच्या भूमच्या गाडीला म्या जानार हाय. बाई नेमली तर येकला जातो. न्हाय नेमली तर पोरगी आन् पेटी घिऊन जातो."

आता तुम्ही म्हणाल, मग सगळे बाई शोधायला लागले असतील! लागले ना. हलगीवाले शोधायला लागले! कारण रणधीरभैय्या म्हणाले, "आजच निघायचं. आज्जा आनखी येक दिवस त्या जागेवर ऱ्हानार न्हाय." दुपारी क्रेन आली. तिनं आधी सिमेंटची छत्री उचलून बाजूला ठेवली. हार आले. ट्रॅक्टरची ट्रॉली झेंडूनं मढवली. कुलगुरूंना फेटा बांधला, तो त्यांना मोठा होत होता. दादांना पट्टा बांधून उचललं, तसे दादा हवेत गरकन फिरले आणि त्यांचं बोट थेट प्रशासकीय इमारतीकडं झालं. मुलींनी अशा टाळ्या वाजवल्या! भैय्यांना वाटलं, श्रद्धेनं.

पुतळा निघाला आणि मी चौथऱ्याकडं बघितलं. वाक्य तिथंच! अहो, ग्रॅनाइट चौथऱ्याला बसवलेलं. वर काही नाही, नुसत्या चार सळया, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'मोकळीक देऊ नये'. मी पळत कुलगुरूंपाशी गेले. म्हणलं, "सर, माणूस गेला, वाक्य राहिलं!" त्यांनी फेटा सावरला आणि म्हणाले, "मॅडम, पुतळा चल आहे. वाक्य अचल आहे. ठराव फक्त चल वस्तूंपुरता झालाय."

मिरवणूक गेली. धूळ बसली. दिवेलागण झाली. मी माझ्या स्कूटीवर बसून धाराशिवच्या खोलीवर निघाले होते, मनात राजीनामा लिहीत, फार सुंदर लिहीत होते, दुसऱ्या परिच्छेदात तर मला स्वतःलाच भरून आलं... आणि वसतिगृहाशेजारून जाताना बघते तर उत्तरेश्वर काका जाळीच्या दारापुढं मांडी घालून बसलेले, आणि जाळीतून आत एकेक केळं सारतायत. आत शिवांजली. तिच्या मागं बाकीच्या.

म्हणलं, "काका, बाहेर का बसलात? तिला बाहेर बोलवा की."

काका म्हणाले, "बोलीवलं आसतं. कुलूप हाय."

तुम्हाला पटत नाही ना? मलाही पटलं नाही! मी जाऊन हात लावून बघितलं. नवं कोरं कुलूप. तुटलं त्याच्या दुप्पट. बब्रुवान सरांनी मिरवणुकीला निघायच्या आधी, रोजच्या सवयीनं, मुली मोजून आत घातल्या होत्या, कुलूप लावलं होतं, किल्ली खिशात टाकली होती, आणि दादांबरोबर, वाजतगाजत, दोन महिन्यांसाठी खाली निघून गेले होते!

शिवांजली आतून म्हणाली, "मॅडम, या खेपेला बत्ताबी न्हाय. जप्त केलाय."

काकांनी पिशवीतून आणखी एक केळं काढलं, आणि पोरीला म्हणाले, "पेटी भरून ठिव."

मी स्कूटी वळवली. अहो, कशी गेले मी! ओढ्याच्या अलीकडं मिरवणूक गाठली. पुढं हलगी, मग पोरं नाचतायत, मग ट्रॉलीत दादा, आणि दादांच्या मागं ट्रॉलीत उभं राहून त्यांच्या डोक्यावर जरीची छत्री धरणारे कोण, तर बब्रुवान सर! चेहऱ्यावर काय समाधान! मी खालून ओरडते, "सर, किल्ली!" ते वरून म्हणतात, "काय?" "किल्ली!" हलगी वाजतेय. त्यांनी कानामागं हात धरला, छत्री दादांच्या नाकावर आली. "मुली आत आहेत!" तसे ते प्रसन्न हसून म्हणाले, "व्हय, म्या मोजूनच घातल्यात!"

मी ट्रॉलीवर चढले. स्कॉटलंडची पदवी, झेंडूच्या माळा, आणि मी ट्रॉलीवर. "सर, किल्ली द्या. काका तिथं बसलेत. सकाळी पोरीला घेऊन जातील."

बब्रुवान सरांनी खिशावर हात ठेवला. चेहरा पडला त्यांचा, खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नाही. पण देईनात! "म्याडम, कळतंय मला. पर किल्ली कुणाच्या हातात देऊ? चार्ज द्यायला समोर मानूस पायजे. पद न्हाय तर मानूस कुठला? उद्या काय झालं तर म्हणतील, बब्रुवाननं किल्ली वाऱ्यावर सोडली."

"मला द्या."

"तुमी कोन?"

आता बघा, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तरं होती. चांगली उत्तरं होती. बैठकीत सगळी देऊन झाली होती आणि त्यांतलं एकही कुलपात बसलं नव्हतं. आणि तोंडातून निघून गेलं, "मी आत राहणारी."

तेवढ्यात नेमकी हलगी थांबली. आणि ते सगळ्यांनी ऐकलं! ट्रॉलीच्या बाजूनं चालणारे कुलगुरू थांबले. फेटा मागं सारून म्हणाले, "काय म्हणालात? तुम्ही आत राहणार? मुलींबरोबर? रोज?" मी बब्रुवान सरांच्या खिशाकडं बघितलं आणि म्हणलं, "हो." "अरे वा!" कुलगुरू म्हणाले, "सिद्रामप्पा, प्रश्न सुटला!" सिद्रामप्पा म्हणाले, "सुटनारच होता, सर." रणधीरभैय्यांनी दादांच्या गळ्यातला एक हार काढून माझ्या गळ्यात घातला. किल्ली माझ्या हातात आली. हलगी पुन्हा सुरू झाली. आणि ओढ्याच्या काठावर, त्या सगळ्या गोंधळात, कुठूनतरी... मी शपथेवर सांगते... किटली घेऊन माणूस आला.

मी घेतला चहा. घसा कोरडा पडला होता.

परत आले, कुलूप उघडलं. काका उठले, धोतर झटकलं, मला नीट बघून घेतलं, गळ्यातल्या हारासकट. "तुमी ऱ्हानार आत? खरंच?" म्हणलं, "खरंच." "किल्ली आत?" "आत." "आन् कुलूप?" मी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. काकांची नजर हलेना. "कुलूप न्हाय म्हणला तर गाडी हायेच सकाळची," ते म्हणाले. दारात शिवांजलीची भरलेली पेटी.

म्हणलं, "असेल कुलूप."

"मग झालं," काका म्हणाले, आणि पेटी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली.

मला वाटलं, शिवांजली गळ्यात पडेल. निदान 'थँक्यू मॅडम' तरी म्हणेल. ती दाराला टेकून उभी राहिली, पट्टीचा हात खाजवत, आणि हळूच म्हणाली, "म्हंजी मॅडम, किल्ली सरांच्या खिशातनं निघाली आन् तुमच्या पर्समधी गेली. आसंच ना?"

"मी आत असणार आहे ना गं," मी म्हणलं.

"आन् तुमी आंघोळीला गेला तर?"

बघा! स्कॉटलंडच्या तोंडी परीक्षेत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्या रात्री मी त्यांच्यातच झोपले, उसन्या चादरीवर. झोपले कसली, उशाखाली किल्ली, ती टोचतेय. राजीनाम्याचा तिसरा परिच्छेदही आठवून बघितला. चांगला होता. पण तो देऊन मी निघून गेले तर बाई नाही, बाई नाही तर गाडी, गाडी तर ईट. आणि राहिले तर रोज संध्याकाळी पोरी मोजून आत घालणारी मीच! मोकळीक द्यावी का, यावर माझा अख्खा प्रबंध आहे हो. छापलेला आहे.

सकाळी काकांना भूमच्या गाडीत बसवलं. एकटेच गेले. खिडकीतून म्हणाले, "म्याडम, कुलूप ध्यानात ऱ्हाऊ द्या." म्हणलं, "राहील." गाडी गेली. आणि मी तशीच, तोंड न धुता, तुळजापूरला गेले. स्टँडच्या बाहेर एक किल्लीवाला बसतो, त्याच्यापुढं किल्ली ठेवली. म्हणलं, "दादा, हिच्यासारख्या करून द्या. वसतिगृहात जितक्या मुली आहेत, तितक्या. प्रत्येकीला एक."

त्यानं किल्ली उलटीपालटी केली. माझ्याकडं बघितलं. माझ्या गळ्यात अजून झेंडूचा एक दोरा तसाच होता. म्हणाला, "ताई, समद्यांनाच किल्ली दिली, तर मग कुलूप कशाला लावताव?"

म्हणलं, "दादा, कुलूप वडलांसाठी आहे."